मनोरुग्णांची नोंद पोलिसांकडे असावी का?

उत्तरेश्वरकर (धागाकर्ता)

मंडळी, विषय जड आहे, पण आपल्या कोल्हापूरच्या कट्ट्यावर यावरनं दोनदा भांडण झालंय म्हणून इथं टाकतो.

परदेशात कुठं शाळेत, कुठं मॉलमध्ये कुणी माणसं मारली की दुसऱ्या दिवशी बातमीत एक ओळ ठरलेली असते, 'तो मानसिक उपचार घेत होता'. म्हणजे डॉक्टरला माहीत, घरच्यांना माहीत, फक्त ज्यांनी अडवायचं त्यांनाच पत्ता नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचं घ्या. २००७ साली एका विद्यार्थ्यानं ३२ जण मारले. त्याआधी २००५ मध्येच कोर्टानं त्याला उपचार घ्यायचा हुकूम दिला होता. तरी पठ्ठ्यानं दुकानातनं रीतसर बंदुका घेतल्या, कारण तो हुकूम बंदूक तपासणीच्या यादीत चढलाच नव्हता. किंवा २०१५ चं जर्मनविंग्स विमान. सहवैमानिकानं विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं, १५० जण गेले. 'याला कामाला लावू नका' अशी डॉक्टरची चिठ्ठी त्याच्या घरात फाडलेली सापडली. कंपनीला कुणी कळवलं नाही, कारण गोपनीयता!

माझं मत सरळ आहे. गंभीर मानसिक आजाराचं निदान झालं की ती नोंद आपोआप पोलिसांकडे आणि बंदुकीचा परवाना देणाऱ्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे गेली पाहिजे. जीव मोठा की गुपित मोठं? आपला कायदा याबद्दल काय म्हणतो हेही जाणकारांनी सांगावं.

तांबडा_पांढरा

आमच्या पेठेपुरती तरी वेगळी यादी कशाला, मतदार यादीच द्या की पोलिसांना.

काळा_कोट

आधी कायदा बघू, मग भांडू.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१८ पासून लागू. कलम २३ प्रमाणं रुग्णाचा आजार, उपचार, तपासण्या हे सगळं गुप्त ठेवणं डॉक्टर आणि दवाखान्यावर बंधनकारक आहे. पण त्याच कलमात अपवाद दिलेत. रुग्णानं नेमलेल्या प्रतिनिधीला सांगता येतं. पुढचे उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगता येतं. दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती देता येते. कुणाच्या जिवावर बेतत असेल तर देता येते. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, उच्च न्यायालय वगैरेंचा आदेश आला तर द्यावी लागते. आणि शेवटचा अपवाद सार्वजनिक सुरक्षेचा.

कलम २४ म्हणतं, रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायची नाही. आपल्याकडच्या बातम्या बघता हे कलम कुणी वाचलेलं दिसत नाही.

उत्तरेश्वरकर

म्हणजे दार उघडं आहेच की! मग नोंद पाठवायला अडचण काय?

काळा_कोट

अडचण अशी, की अपवाद एका माणसाच्या एका धोक्यापुरता आहे. अमक्यानं तमक्याला मारायची भाषा केली, डॉक्टरला ती खरी वाटली, तर तेवढं सांगा. तू मागतोयस निदान झालेल्या सगळ्यांची कायमची यादी. हा कायदा तर उलटं सांगतो. कलम ३ वाच. पूर्वी उपचार घेतले होते किंवा दवाखान्यात दाखल होता, एवढ्यावरनं आज त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही. खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलंय, तेही आहेच.

मेडिकल_काउंटर

गुपित, गुपित म्हणताय त्यात खरं किती असतं ते माझ्या काउंटरवर येऊन बघा.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेमसारख्या गोळ्या दिल्या की आम्हाला वेगळ्या वहीत लिहावं लागतं. शेड्यूल एच वन म्हणतात. पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, गोळी, किती दिल्या. वही तीन वर्षं ठेवायची. नियम चांगला आहे, नशेसाठी गोळ्या नेणारे त्यानं कमी झाले. पण ती वही असते कुठं? बिलाच्या मशीनशेजारी, उघडी. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस सुट्टे पैसे काढता काढता मान वाकडी करून वाचतो. मी आता वर जुनं कॅलेंडर टाकून ठेवतो.

आणि डॉक्टरकडं काय होतं? कंपाउंडर दारात येऊन आख्ख्या नावानं हाक मारतो, आडनावासकट, तालुक्यासकट. म्हणून आपल्याकडचे बरेच पेशंट मिरजेला नाहीतर बेळगावला दाखवतात आणि चिठ्ठी घेऊन माझ्याकडं येतात. काहीजण तर गल्लीतल्या मेडिकलला सोडून शिरोलीपर्यंत जातात.

रंकाळा_सकाळ

मेडिकलदादा, ते कॅलेंडर टाकल्याबद्दल खरंच आभार. आमच्याकडे तुमच्यासारखा एकही नव्हता.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. सुरुवातीला गोळी जिभेखाली धरायचा आणि मागच्या दारी जाऊन तुळशीच्या कुंडीत थुंकायचा. आईला वाटायचं तुळस पाणी जास्त झाल्यानं मरतेय. मग एक दिवस मातीवर पांढरे ठिपके दिसले. त्यानंतर आई गोळी दिल्यावर त्याला 'आता मला एक ओवी म्हणून दाखव' म्हणायची. तोंडात गोळी धरून ओवी म्हणता येत नाही. आमच्या घरची ही रेकॉर्ड ठेवायची पद्धत.

रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात दाखल केला तेव्हा गल्लीत सांगितलं, मामाकडे आंब्याच्या बागेत कामाला गेलाय. पावसाळ्यात. कुणी विश्वास ठेवला असेल देव जाणे.

उत्तरेश्वरकर, तुमचा राग मला कळतो. पण माझ्या भावानं आजवर कुणावर हात उचललेला नाही. त्याच्यावर मात्र पोरांनी दगड मारलेत, आणि एकदा चोर म्हणून खांबाला बांधून ठेवला होता, कारण रात्री तो दुसऱ्याच्या अंगणात उभा राहून झाडाशी बोलत होता. उद्या तुमच्या यादीत त्याचं नाव गेलं तर गल्लीत पुढच्या प्रत्येक चोरीला पहिली जीप आमच्याच दारात येईल.

निवृत्त_हवालदार

ताई म्हणतात ते बरोबर आहे, आणि हे मी खात्यात आयुष्य काढून सांगतोय.

ठाण्यात याद्या असतातच. गणपती आले, निवडणूक आली की शांतता राखा म्हणून कलम १०७ च्या नोटिसा काढायच्या (आता नव्या संहितेत १२६ झालंय). वरनं आकडा येतो, एवढ्या नोटिसा पाहिजेत. मग गेल्या वर्षीची यादी काढायची आणि तीच परत टाईप करायची. एकदा नाव चढलं की उतरत नाही. मयत माणसाच्या नावाची नोटीस घेऊन मी स्वतः दारात गेलोय. म्हातारी म्हणाली, 'सायेब, त्यो गेला त्याला दोन दिवाळ्या झाल्या, तिकडंच जावून सही घ्या.'

मनोरुग्णांची यादी आली तर तिचंही हेच होणार. आणि सांगू का, तेवढं मनुष्यबळ कुणाकडं आहे? पंचगंगेला पूर आला की निम्मं ठाणं बोटीत असतं.

तांबडा_पांढरा

हवालदार काका, म्हातारीला मानाचा मुजरा. नाद खुळा उत्तर.

आकडेमोड

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळं ही खाज.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचं २०१५-१६ चं राष्ट्रीय सर्वेक्षण आहे. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. यात नैराश्य, चिंता, व्यसन सगळं आलं. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा ३८ लाख ७६ हजारांचा. प्रौढ सोयीसाठी २६ लाख धरा. म्हणजे पावणेतीन लाख माणसं. ही पहिली यादी. खासबाग मैदानात मावायची नाही.

बरं, म्हणाल फक्त धोकादायक तेवढेच काढू. समजा आपल्याकडं एक जादूची चाचणी आहे, १०० पैकी ९५ वेळा बरोबर. अशी चाचणी जगात कुठंही नाही, पण समजा. आणि समजा जिल्ह्यात खरोखर जीव घेणारे २६ जण आहेत. चाचणी त्यातले २५ पकडेल. शाबास. पण उरलेल्या २६ लाखांतल्या पाच टक्क्यांवरही ती चुकून बोट ठेवेल, म्हणजे १ लाख ३० हजार. आता हवालदार काकांनी सांगावं, त्या १ लाख ३० हजारांतनं २५ कसे शोधणार?

दुर्मीळ गोष्ट अगोदर ओळखायला गेलं की गणित असं अंगावर येतं. कितीही हुशार डॉक्टर असू दे.

उत्तरेश्वरकर

सर, पावणेतीन लाख कुणी मागितले? मी 'गंभीर' म्हटलंय. झोप येत नाही म्हणणाऱ्याला कशाला धरू? शिवाय तुमच्या हिशेबानं बघितलं तर कॅन्सरची तपासणीही करायला नको.

आकडेमोड

कॅन्सरच्या तपासणीत चूक झाली तर दुसरी तपासणी होते आणि माणूस घरी जातो. पोलिसांच्या यादीतली दुसरी तपासणी कोण करणार?

'गंभीर' पुरतंही करून बघितलंय. २०१२ च्या सँडी हूक शाळेच्या हत्याकांडानंतर न्यूयॉर्क राज्यानं २०१३ मध्ये कायदा केला. पेशंट स्वतःला किंवा इतरांना इजा करेल असं वाटलं तर मानसोपचार करणाऱ्यांनी कळवायचंच. २०१४ च्या शरद ऋतूपर्यंत त्या यादीत साधारण ३४,५०० नावं जमली होती. त्यातल्या बंदुकीचा परवाना असलेल्यांची संख्या ३०० सुद्धा नव्हती.

गव्याचा_शेजारी

राधानगरीकडनं बोलतोय. परवान्याचं मी सांगतो, इथं बाकी कुणाकडं बंदूक दिसत न्हाई.

आमच्या वडलांच्या नावावर पीक संरक्षणाचा परवाना. गवे उसात बसले की रात्रीत एकर साफ. बार हवेतच काढायचा असतोय, गव्याला लागला तर आपणच आत. २०१६ च्या नियमानंतर अर्जाला डॉक्टरचा दाखला लागतो, शरीरानं आणि मनानं ठीक असल्याचा. मी काढला की. डॉक्टरनं बीपी बघितलं, 'झोप लागते का' विचारलं. म्हटलं, गवे आले तर न्हाई लागत. सही, शिक्का, पैसे, बाहेर. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा, निकाल लागला की परत.

तर यादी बिदी राहू दे, आहे तो दाखला तरी नीट द्या म्हणावं.

उत्तरेश्वरकर

हे मात्र पटलं. शस्त्र मागणाऱ्याचीच कसून तपासणी करा, बाकीच्यांना सोडा, असंही म्हणता येईल.

पुण्यात_अडकलेला

पण शस्त्र म्हणजे बंदूकच का धरताय सगळे? मी पुण्यात असतो म्हणून आठवण करून देतो. २५ जानेवारी २०१२, स्वारगेट. एका एसटी चालकानं स्थानकातली बस काढली आणि सकाळच्या गर्दीत उलट्यासुलट्या रस्त्यांनी पळवली. ९ जण गेले. कोर्टात बचाव होता की तो मानसिक रुग्ण आहे, सोलापूरच्या डॉक्टरची साक्षही झाली. कोर्टांनी तो बचाव मानला नाही. फाशी झाली, पुढं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ती जन्मठेप केली.

आता बोला. एसटीत किती चालक डबल ड्युटी करून, झोप न होता गाडी हाणतात? त्यातला कुणी उद्या डॉक्टरकडे गेला आणि नोंद थेट आगारात गेली, तर परवा दुसरा कुणी जाईल का? जर्मनविंग्सवाल्यानं चिठ्ठी फाडली ती याच भीतीनं, परवाना जाईल म्हणून. डॉक्टरनं कळवायला हवं होतं हे मला मान्य आहे. पण वैमानिकांना उद्यापासून सगळं कळवणार म्हटलं तर ते डॉक्टरकडे जायचेच बंद होतील, आणि मग फाडायलाही चिठ्ठी नसेल.

माझंच सांगतो. मागं मी नैराश्याच्या गोळ्या घेत होतो. कंपनीच्या विम्यातनं बिल मागितलं. ते मनुष्यबळ विभागातनं फिरून आलं आणि पुढच्या मीटिंगला साहेब अचानक एकदम मऊ आवाजात बोलायला लागला, लहान पोराशी बोलावं तसा. महत्त्वाचं काम हळूच दुसऱ्याकडे गेलं. त्यानंतर खिशातनं पैसे भरले, पण विम्याला हात लावला नाही. कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा असं लिहिलंय, हे मला नंतर कळलं. कळून तरी काय केलं असतं?

तांबडा_पांढरा

साहेब मऊ बोलतो हे आजाराचं लक्षण साहेबाचं होतं.

मास्तरीण

माझा आक्षेप मुळावरच आहे. 'सामूहिक हिंसा कशी रोखायची' म्हणून आपण मनोरुग्णांकडे का बघतोय?

१ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. व्हॉट्सअपवर आलेल्या अफवेवरनं. त्या जमावातल्या किती जणांची फाईल कुठल्या मनोविकार तज्ज्ञाकडं असेल? आणि लांब कशाला, जून २०२३ ला आपल्याच शहरात स्टेटसवरनं काय झालं? शिवाजी चौकात कोण जमलं होतं, दुकानं कुणी फोडली? माझे दोन माजी विद्यार्थी होते त्यात. एकाला अक्षर सुधारण्याबद्दल मी वहीवर चांदणी दिली होती. ठणठणीत पोरं. उपचार तर सोडाच, साधं डोकं दुखल्याची तक्रार नाही.

उलट ३१ जुलै २०२३ ची जयपूर-मुंबई गाडी आठवा. रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानानं आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घातल्या. प्रवासी कोण होते, तो काय बोलत होता, हे सगळ्यांनी ऐकलं. रेल्वेनं निवेदन काढलं की त्याचा आजार घरच्यांनी लपवला होता, आणि मग ते निवेदनच मागं घेतलं. म्हणजे द्वेषाला आजाराचं पांघरूण घालायला हे रेकॉर्ड बरं पडतं.

शिवाजी_पुतळा

मास्तरीणबाई, २०२३ ची सुरुवात कुणी केली तेही सांगा की मग. एकाच बाजूची

संपादक मंडळ

वरचा प्रतिसाद अर्धा ठेवून बाकी काढला आहे, त्याखालचे अकरा पूर्ण काढले आहेत. २०२३ साठी वेगळा धागा आहे, तोही बंद आहे. विषयावर या.

तांबडा_पांढरा

अकरा प्रतिसाद म्हणजे रविवारी मिसळीच्या रांगेत उभं राहून लिहिलेले असणार. पोट रिकामं, बोटं मोकळी.

डॉक्टर_नाव_नको

मी मनोविकार तज्ज्ञ आहे, कोल्हापुरात नाही, पण जवळच. दोन दिवस वाचतेय. थोडं लांबेल.

हा प्रश्न आमच्या व्यवसायात जुना आहे, आणि गंमत म्हणजे त्याच्या मुळाशी एक भारतीय विद्यार्थी आहे. १९६९, कॅलिफोर्निया विद्यापीठ. शिकायला गेलेल्या बंगाली मुलानं आपल्या मानसोपचारकाला सांगितलं की मी अमक्या मुलीला मारणार. मानसोपचारकानं विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी मुलाला धरलं, तो शहाण्यासारखा बोलला, सोडून दिलं. मुलीला कुणीच काही सांगितलं नाही. त्यानं तिचा खून केला. आईवडिलांनी दावा लावला. तो तारासॉफ खटला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की जिच्या जिवाला धोका आहे तिचं रक्षण करणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. आपल्या कलम २३ मधला इजेचा अपवाद त्याच जातीचा.

पण नीट बघा. इथं पोलिसांना कळवलं होतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचंही तसंच, जून २०२३. तीन जणांना भोसकून मारणाऱ्याला स्किझोफ्रेनिया होता. चारदा सक्तीनं दाखल करून झालं होतं, फाईल जाडजूड होती, पोलिसावर हल्ला केल्याबद्दल वॉरंटही निघालं होतं. तो भेटायला येत नाही म्हणून मानसोपचाराच्या पथकानं सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला साध्या डॉक्टरकडे सोपवून दिलं. कागद सगळे होते. त्याच्या दारात जाऊन गोळी घेतोस का विचारणारं कुणी उरलं नव्हतं. रंकाळा_सकाळ यांच्या आईसारखं कुणीतरी त्याला हवं होतं.

आता माझ्या खोलीतलं सांगते. 'मला त्याला मारावंसं वाटतं' हे वाक्य मी वरचेवर ऐकते. सासूबद्दल, साहेबाबद्दल, बांधाला बांध असलेल्या चुलत्याबद्दल. बहुतेकांना ते बोलूनच उतरतं. मी विचारते, कसं मारणार? कधी? हत्यार कुठं ठेवलंय? बाकी काही नाही, पण शेवटच्या प्रश्नाला उत्तर पटकन आलं की मी पेन खाली ठेवते. मग आधी त्यालाच सांगते की हे मी तुझ्या घरच्यांना सांगणार आहे, तुझ्यासमोर सांगणार आहे. हत्यार घरातनं हलवायचं. गरज पडली तर कलम ८९ खाली दाखल करायचं. पोलिसांनाही कळवलंय, पण क्वचित. ही सगळी वाक्यं मला ऐकू येतात, कारण समोरच्याला वाटतं की ती खोलीतच राहतील.

दारू आणि जुनी मारामारी हे दोन धागे मला निदानापेक्षा जास्त घाबरवतात. अमेरिकेतल्या अभ्यासांनुसार, मानसिक आजार उद्या पूर्ण नाहीसे झाले तरी तिथली हिंसा फार तर चार टक्क्यांनी घटेल.

काळा_कोट

डॉक्टर, मला कलम २३ मधला शेवटचा अपवाद खटकतो. 'सार्वजनिक सुरक्षा' हा शब्द एवढा ऐसपैस आहे की उद्या कुणी अधिकारी आख्ख्या दवाखान्याचं रजिस्टर मागेल.

डॉक्टर_नाव_नको

मागेल तेव्हा मी लेखी मागेन. एका माणसाबद्दल, कारणासकट.

पुण्यात_अडकलेला

आणि ती यादी संगणकावर असणार हे विसरू नका. फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. कुणीतरी त्यांचा साठा फोडला आणि २०२० मध्ये पेशंटना वैयक्तिक धमक्या आल्या, पैसे द्या, नाहीतर तुम्ही डॉक्टरला काय सांगितलं ते जगाला वाचायला टाकतो. सुमारे ३३ हजार पेशंट. काहींचं टाकलंसुद्धा. तो सापडला, २०२४ मध्ये सहा वर्षांवर शिक्षा झाली. आपल्याकडं २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीचं एम्स सायबर हल्ल्यानं कितीतरी दिवस कागदावर चालत होतं. तिथं ही गत, तर तालुक्याच्या ठाण्यात यादी कुठं असेल? ठाण्याच्या व्हॉट्सअप ग्रुपवर.

निवृत्त_हवालदार

ग्रुपवर असेल याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आकडेमोड

अमेरिकेच्या एफबीआयनं २०१८ मध्ये ६३ हल्लेखोरांचा अभ्यास छापला. २००० ते २०१३ मधले गोळीबार. आधी मानसिक आजाराचं निदान झालेले चारातला एक. म्हणजे उत्तरेश्वरकरांच्या यादीतनं चारातले तीन सुटलेच. पण निम्म्याहून जास्त जणांनी आपला बेत आधी कुणाला ना कुणाला बोलून दाखवला होता. मित्राला, बायकोला, इंटरनेटवर.

उत्तरेश्वरकर

सगळं वाचलं. आकडेमोड सरांचा हा शेवटचा मुद्दा माझ्या बाजूचा आहे असं मला वाटतं. कुणीतरी ऐकलेलं असतं, आणि ऐकलेलं जायला जागा नसते. यादी सोडा, पण कळवायचं कुठं ते तरी ठरलेलं पाहिजे की नको?

आता खरं काय ते सांगतो, म्हणजे विषय हवेत राहणार नाही. आमच्या बोळात एकजण आहे. तिशीतला. एकटाच असतो, बहीण बाहेरगावी. पूर्वी उपचार चालू होते, आता बंद आहेत असं बहीणच म्हणते. गेल्या महिन्यापासून रात्री कोयता घेऊन दारात बसतो. समोरच्या घरातले लोक भिंतीतनं त्याला वीज सोडतात म्हणतो. परवा त्यांच्या पोराला म्हणाला, 'तुमचं सगळ्यांचं एकदम करतो.' ठाण्यात गेलो तर म्हणाले, काही झालं का? झालं की या. त्याच्या जुन्या डॉक्टरला फोन लावला तर बाई म्हणाल्या, पेशंटबद्दल काही बोलता येणार नाही. मग सांगा, गोपनीयता कुणाच्या कामाची?

डॉक्टर_नाव_नको

हे पहिल्याच प्रतिसादात सांगायचं होतं हो!

त्या डॉक्टर तुमच्याशी बोलू शकत नाहीत, पण तुमचं ऐकू शकतात. कायद्यानं त्यांचं तोंड बांधलंय, कान नाही. परत फोन करा, आणि प्रश्न विचारू नका, सांगा. कोयता, वीज, पोराला काय म्हणाला, गोळ्या बंद. त्याच्याच शब्दांत, तारखेसकट. जमलं तर लिहून नेऊन द्या.

बहिणीला आजच बोलवा. कलम ८९ खालचा दाखल करण्याचा अर्ज नेमलेला प्रतिनिधी करतो, आणि त्यानं कुणाला नेमलं नसेल तर बहुधा तीच. शेजारी म्हणून तुम्हाला तो करता येत नाही. दोघेजण वेगवेगळे तपासतात, त्यातला एक मनोविकार तज्ज्ञ, तीस दिवसांपर्यंत ठेवता येतं. तोवर समोरच्यांनी भांडायला जाऊ नये, कोयता हिसकावायला तर अजिबात नाही. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बहिणीला बोलू दे, तिला धीर लागेल.

काळा_कोट

आणि ठाण्यात 'झालं की या' म्हणाले ते चुकीचं आहे. त्याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० वाचून दाखव. मानसिक आजारामुळं स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे असं मानायला कारण असेल, तर ठाण्याच्या प्रमुखानं त्या माणसाला संरक्षणात घ्यायचं असतं, आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. कोठडीत टाकायचं नाही. गुन्हा व्हायची वाट बघायला लावणारा एक शब्द त्यात नाही. अर्ज लेखी दे, दोन प्रती, पोहोच घे. समोरच्यांचीही सही घे, एकट्याचा अर्ज नको.

निवृत्त_हवालदार

आणि सकाळी दहाच्या आत जा, हजेरी झाल्या झाल्या. साहेब तेव्हाच भेटतात. 'वेडा आहे' असं म्हणू नका, हसण्यावारी नेतात. 'कोयता आहे आणि धमकी दिली' इथनं सुरुवात करा. स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावा आणि नंबर लिहून आणा. न्यायला येतील तेव्हा साध्या कपड्यातले या म्हणून विनंती करा, बोळात गर्दी झाली तर तो बिथरेल.

रंकाळा_सकाळ

बहिणीचा नंबर देणार असाल तर मला व्यक्तिगत निरोप करा. दाखल करताना काय काय न्यायचं, रत्नागिरीला जायची वेळ आली तर कुठं उतरायचं, सगळं सांगते. आणि त्याला नेतील तेव्हा घराला कुलूप कुणी लावायचं तेही आधी ठरवा. आमच्या वेळी कुणी लावलं नाही, परत आल्यावर भावाला घरात काही शिल्लक नव्हतं.

उत्तरेश्वरकर

बहीण उद्या सकाळच्या एसटीनं निघतेय. अर्ज लिहितोय, समोरच्यांनी सही केली, वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी 'मला कोर्टात बोलवणार नाहीत ना' विचारून केली. कुलपाचं माझ्याकडं. यादीबद्दल मी अजून पूर्ण हललो नाही, पण ते नंतर भांडू.

तांबडा_पांढरा

दहाला ठाण्यापाशी मी येतो. दोघं गेलेलं बरं.